धंद्याची वही वाचायला शिकू या



गटाचं दप्तर आपल्याला नवीन नाही. इतिवृत्त, बचत-कर्जाची नोंद, रोकडवही, सभासदांची पासबुकं, सगळं बैठकीत लिहिलं जातं, वाचून दाखवलं जातं. नियमित लेखे हे पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र. त्यामुळे बँकेला दप्तर दाखवायचं म्हटलं की आपण मागे राहत नाही. पण गटाने चटणी-मसाल्याचा, पापडाचा नाहीतर लोणच्याचा धंदा सुरू केला की एक गोष्ट ठिकठिकाणी दिसते. कर्जाच्या हप्त्याचा हिशोब पैशापैशाचा असतो, आणि धंदा कसा चाललाय असं विचारलं तर उत्तर येतं, "बरं चाललंय की. गल्ल्यात पैसे असतात."

गल्ल्यात पैसे असतातच. पण त्यात परवा घेतलेल्या शेंगदाण्याचे पैसे असतात, उद्या आणायच्या मिरचीचे असतात, तिघी-चौघींनी दिवसभर राबल्याची मजुरी असते, आणि काही उरलाच तर नफा असतो. सगळं एकाच डब्यात मिसळलेलं. नुसत्या डब्याकडे बघून त्यातलं काय किती, हे कुणालाच सांगता येणार नाही.

बँकेसाठी आपण आकडे लिहायला शिकलो. तेच आकडे आता स्वतःच्या धंद्याचे निर्णय घ्यायला कसे वापरायचे, ते या लेखात बघू. उदाहरणाला शेंगदाणा चटणी करून आठवडी बाजारात विकणारा एक गट घेऊ. यातले भाव आणि घट समजण्यापुरते धरलेत. तुमच्या गावचे भाव घालून हेच गणित पुन्हा मांडा, उत्तर वेगळं येईल आणि तेच तुमच्या कामाचं.

आधी प्रश्न ठरवा

वही आणायची, रकाने आखायचे आणि दिसेल ते लिहीत सुटायचं, असं केलं तर दोन महिन्यांत कंटाळा येतो आणि वही फडताळात जाते. म्हणून आधी बैठकीत ठरवा की आपल्याला कोणता निर्णय घ्यायचाय. भाव वाढवायचा का? सोमवारचा बाजार सोडायचा का? कांडप यंत्रासाठी कर्ज काढायचं का? प्रश्न ठरला की काय लिहायचं ते आपोआप ठरतं.

बाजाराचा प्रश्न असेल तर एका बाजाराला एक पान पुरतं. तारीख, बाजाराचं गाव, मालाचं नाव, किती पाकिटं नेली, किती परत आणली, भाव काय होता, रोख किती, फोनवर किती आले, उधार किती राहिले. शेवटी शेऱ्याची जागा: पाऊस होता, जत्रा होती, शेजारी दुसऱ्या गटाचा ठेला होता, जे असेल ते. माझ्या मते 'परत आणली' हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी भरत नाही. गिऱ्हाइकाच्या गर्दीत लिहीत बसायची गरज नाही. सकाळी निघताना मोजा, संध्याकाळी परतल्यावर मोजा. नेलेल्यातून परत आलेली वजा केली की विकलेली कळतात.

ज्या ताईला लिहिता येत नाही तिनेही हे काम करावं. प्रत्येक मालाच्या नावापुढे त्याच्या लेबलचा तुकडा चिकटवा आणि रेघा ओढा. चार उभ्या, पाचवी आडवी. पाचाचे जुडगे मोजायला सोपे जातात, आणि ठेल्यावर बसणारी ताई स्वतःच नोंद करते म्हणून ती नोंद खरी असते.

एक पाकीट खरं कितीला पडतं?

इथे थोडं सावकाश वाचा. बहुतेक धंद्यांचं पाणी इथेच मुरतं.

समजा गटाने १२० रुपये किलोने १० किलो शेंगदाणे आणले. झाले १२०० रुपये. ते निवडले, भाजले, सालं पाखडून काढली. पुन्हा वजन केलं तर ८ किलो ८०० ग्रॅम भरले. म्हणजे १ किलो २०० ग्रॅमची घट. ही घट किती ते दुसऱ्या कुणाला विचारू नका, तुमच्याच भट्टीवर तीन वेळा वजन करून बघा. दाण्याच्या जातीप्रमाणे आणि ओलाव्याप्रमाणे ती बदलते. आपण १० किलोचे पैसे दिले पण हाती ८ किलो ८०० ग्रॅमच आले, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं गणित सोपं आहे.

त्यात ७०० ग्रॅम मिरची पूड २१० रुपयांची, ५०० ग्रॅम सोललेला लसूण ९० रुपयांचा, मीठ-जिरं मिळून ३०० ग्रॅम ५० रुपयांचं. सगळं कुटून, उखळाला आणि भांड्याला चिकटलेलं सोडून, १० किलो चटणी मिळाली. माल झाला १५५० रुपयांचा. डंक्यावर कुटायचे २० रुपये किलोप्रमाणे २००, गॅसचे १००, आणि २०० ग्रॅमची ५० पाकिटं भरायला पिशवी-लेबलचे प्रत्येकी ४ रुपये म्हणजे २००. बेरीज २०५० रुपये. ५० पाकिटांनी भागलं की एक पाकीट ४१ रुपयांना पडलं.

आपण ते ६० रुपयांना विकतो. म्हणजे १९ रुपये सुटले, असं वाटतं. बैठकीत सगळ्या खूश.

पण तिघी बायका प्रत्येकी चार तास बसल्या होत्या. निवडणं, भाजणं, लसूण सोलणं, भरणं, चिकटवणं. बारा तास झाले. शेतात गेल्या असत्या तर मजुरी मिळाली असती की नाही? तासाला ५० रुपये धरा, ६०० रुपये झाले. आता एकूण खर्च २६५० आणि पाकीट पडलं ५३ रुपयांना. उरले ७.

"घरचंच काम आहे, त्याचे कसले पैसे" हे वाक्य आपण इतक्या वेळा म्हणतो की हिशोबातही तसंच लिहितो, म्हणजे लिहीतच नाही. मग वर्षअखेरीला जो नफा म्हणून वाटला जातो तो नफा नसतोच. ती आपलीच मजुरी असते, तीही अर्धी. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभी राहिली, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे पापड लाटणाऱ्या बहिणीला तिने लाटलेल्या पापडाच्या किलोवर मजुरी मिळते, नफ्याची वाटणी वेगळी. मजुरी आधी आणि नफा नंतर, हा क्रम आपल्या वहीतही हवा. रोख मजुरी लगेच वाटता आली नाही तरी चालेल, पण ती खर्चात लिहिलीच पाहिजे.

बाजाराचा खर्च कुणाच्या माथी?

चटणी तयार झाली, आता सोमवारी तालुक्याच्या बाजाराला न्यायची. रिक्षाचे जाऊन-येऊन २००, बसायच्या जागेचे २०, ठेल्यावर बसणाऱ्या ताईच्या दिवसाचे ३००. मिळून ५२० रुपये. १० पाकिटं विकली काय आणि १०० विकली काय, हे ५२० जाणारच.

एका पाकिटामागे आपल्याकडे ७ रुपये उरत होते. ५२० ला ७ ने भागा. उत्तर ७५ च्या जरासं आत. म्हणजे सोमवारी किमान ७५ पाकिटं खपली तर बाजाराला जाण्याचा खर्च निघतो, त्यापुढच्या पाकिटापासून कमाई. सोयीसाठी आपण सगळी पाकिटं याच चटणीची धरलीत. तुमच्याकडे जवस, कारळ, मसाला असं चार तऱ्हेचं असेल तर प्रत्येकाचं 'उरले किती' वेगळं काढा. हे काम एकदाच करायचं असतं, मग कच्च्या मालाचा भाव बदलला की तेवढंच दुरुस्त करायचं.

आता वही उघडा. गेल्या चार सोमवारी किती विकली? ३६, ४०, ३८ आणि १२६. बेरीज २४०, चाराने भागून सरासरी ६०. कुणी म्हणेल, बाजाराला ६० पाकिटं जातात. पण नीट बघा, एकाही सोमवारी ६० च्या जवळपास विक्री नाही. तीन सोमवार चाळिशीच्या आत-बाहेर आणि एक सोमवार १२६. शेऱ्यात बघितलं तर त्या दिवशी जत्रा होती. एका मोठ्या आकड्याने सरासरी वर ओढून नेली. सरासरीवर विसंबून दर सोमवारी ६० पाकिटं नेली, तर वीसेक पाकिटं दर वेळी परत येणार आणि चटणीला तेलकट वास सुटणार.

म्हणून सरासरीबरोबर मधला आकडाही काढायची सवय लावा. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लिहायचे: ३६, ३८, ४०, १२६. मधले दोन ३८ आणि ४०, त्यांच्या मध्ये ३९. नेहमीच्या सोमवारी किती माल न्यायचा ते हा आकडा सांगतो. जत्रेचं वेगळं पान करा, पुढच्या वर्षी लागेल.

या महिन्याचा निकाल काय? २४० पाकिटांमागे ७ रुपयांप्रमाणे १६८० उरले, आणि चार बाजारांचा खर्च २०८०. गट ४०० रुपये तोट्यात आहे, आणि गल्ल्यात मात्र १४,४०० रुपये येऊन गेले. कुणाला संशयही आला नसता.

मग बाजार बंद करायचा? घाई नको. आपल्या हातात दोन-तीन गोष्टी आहेत. भाव ६५ केला तर पाकिटामागे १२ उरतात. गावातला दुसरा गट त्याच बाजाराला पापड घेऊन जातो, त्यांच्याबरोबर रिक्षा वाटून घेतली तर खर्च ५२० चा ४२० होतो. आता ४२० भागिले १२, म्हणजे ३५ पाकिटं. नेहमीच्या सोमवारी ३६ ते ४० जातातच. तोच बाजार, तीच चटणी, तेवढीच गिऱ्हाइकं, पण आता तोटा नाही.

"भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल" ही भीती खरी आहे, पण किती तुटेल तेही मोजता येतं. समजा ३८ ची विक्री ३० वर आली. ३० गुणिले १२ म्हणजे ३६०. आधी ३८ गुणिले ७ म्हणजे २६६ उरत होते. आठ पाकिटं कमी विकूनही हातात जास्त राहिले. विक्री २२ पाकिटांच्या वर राहिली तर वाढलेला भाव परवडतो, त्याखाली गेली तर परत विचार करायचा. हा आकडा माहीत असला की बैठकीत वाद कमी होतो.

कशामुळे झालं, हे ओळखायचं कसं?

भाव बदलला आणि विक्री बदलली, म्हणजे एकामुळेच दुसरं झालं असं नसतं. कांदा-लसूण मसाला करणाऱ्या गटांना हे चांगलं कळेल. आषाढात गटारीच्या आठवड्यात मसाला हातोहात जातो. श्रावण लागला की मटण बंद, कित्येक घरांत चातुर्मासाचा कांदा-लसूणही बंद, आणि मसाल्याची पाकिटं ठेल्यावर तशीच. एखाद्या गटाने घाबरून श्रावणाच्या शेवटी भाव १० रुपयांनी उतरवला आणि पुढे विक्री वाढली. ती भाव उतरवल्याने वाढली की श्रावण सरल्याने? भाव न उतरवताही वाढलीच असती, तर दर पाकिटाला १० रुपये आपण उगाच सोडून दिले.

म्हणून श्रावणाची तुलना आषाढाशी करू नका, गेल्या वर्षीच्या श्रावणाशी करा. उपवासाची भाजणी, राजगिऱ्याचे लाडू असतील तर त्यांचं उलटं असतं, नवरात्राची तुलना नवरात्राशी. आणि इंग्रजी तारखेबरोबर मराठी महिनाही लिहून ठेवा, कारण अधिक महिना आला की सण पुढे सरकतात आणि नुसत्या तारखा बघून फसायला होतं. गेल्या वर्षीची वही नसेल तर आजपासून लिहायला लागा, दुसरा इलाज नाही.

दुसरं, एका वेळी एकच गोष्ट बदला. भाव, पिशवी, बाजाराचं गाव हे तिन्ही एकदम बदललं तर विक्री कशाने हलली ते कधीच कळणार नाही. भाव बदला, चार बाजार थांबा, आकडे बघा. मग पुढचं.

कांडप यंत्र घ्यावं का?

हा प्रश्न सध्या बऱ्याच गटांपुढे आहे. २०२० साली केंद्राने प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना आणली, तिच्यात कर्जाशी जोडून पात्र खर्चाच्या ३५ टक्के अनुदानाची तरतूद ठेवली, त्यामुळे यंत्राची चर्चा वाढली. अनुदानाने कर्जाचा बोजा हलका होतो हे खरं. पण अनुदान गिऱ्हाईक आणून देत नाही. हप्ता भरायचा तो आपल्यालाच, आणि कर्जाच्या कागदावर सह्या आपल्याच असतात.

गणित असं मांडा. समजा हप्ता महिन्याला ३३०० रुपये. आपण महिन्याला १२० किलो माल डंक्यावर कुटून घेतो, किलोला २० रुपये देतो. स्वतःचं यंत्र आलं की हे २० वाचतील, पण वीज-दुरुस्तीचे किलोमागे ५ जातील. वाचले १५, म्हणजे महिन्याला १८००. हप्त्याला १५०० कमी पडले. ते बाहेरचं कुटून काढायचे, किलोला १५ सुटले तर १०० किलो. वाटतं की जमेल.

पण यंत्रावर बसणाऱ्या बाईची मजुरी पुन्हा विसरली. किलोमागे ५ रुपये धरा. आता किलोला १०च सुटतात. आपल्या १२० किलोचे १२०० वाचले, हप्त्याला २१०० कमी, आणि ते भरायला बाहेरचा २१० किलो माल लागणार. दर महिन्याला. वर्षाचा झाला २५२० किलो.

आता हा आकडा गावाकडे घेऊन जा. समजा एक घर वर्षाला ४ किलो मसाला-चटणी कुटून घेतं. २५२० भागिले ४, म्हणजे ६३० घरं. आपल्या गावात इतकी घरं आहेत का? त्यातली किती जुन्या डंक्याकडेच जाणार? शिवाय वर्षभराचा मसाला होतो उन्हाळ्यात. नवी मिरची आली, ऊन तापलं की मार्च ते मे रांग लागते, आणि पावसाळ्यात यंत्र झाकून ठेवायची वेळ येते. हप्ता मात्र पावसाळ्यातही येतो. उन्हाळ्यातले पैसे बाजूला ठेवून पावसाळ्याचे हप्ते भरायची तयारी असेल, आणि शेजारच्या दोन-तीन वाड्यांचं काम मिळणार असेल, तर यंत्र जरूर घ्या. ते बघायला चार जणींनी दोन दिवस घरोघर फिरून तीनच प्रश्न विचारावेत: वर्षाला किती कुटता, कुठे कुटता, काय भाव देता. "आमच्याकडे याल का" असं विचारू नका. तोंडावर सगळ्याच हो म्हणतात.

मोबाईल आणि उधारी

हे सगळं वहीतच करता येतं. गटातल्या कुणाच्या मुलीला मोबाईलवर तक्ता करता येत असेल तर बेरजा पटकन होतात, पण चुकीची नोंद मोबाईलमध्ये घातली तर बेरीजही चुकीचीच येणार. क्यूआर कोडवर आलेल्या पैशांची तारीख आणि रक्कम फोनमध्ये राहते, ती आठवड्याला वहीशी ताडून बघा. गिऱ्हाइकाने काय घेतलं ते फोन सांगत नाही, त्यासाठी पाकिटं मोजावीच लागतात. बाजाराहून आल्यावर पानाचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला तर वही भिजली, हरवली तरी नोंद राहते.

उधारीची नुसती बेरीज करू नका, तिचं वय लिहा. पंधरा दिवसांच्या आतली, महिन्यापर्यंतची, आणि त्याहून जुनी, असे तीन रकाने. तिसऱ्या रकान्यातली नावं बैठकीत वाचा आणि त्यांना पुढचा माल रोखीनेच द्यायचा असं ठरावात लिहा, म्हणजे ठेल्यावरच्या एकट्या ताईला नकार देण्याचा वाईटपणा घ्यावा लागत नाही.

पुढच्या मासिक बैठकीला आपल्या एका मालाचं 'एक पाकीट कितीला पडतं' एवढंच काढून आणा, मजुरी धरून. तराजू नसेल तर ग्रामसंघातून मागून घ्या, आणि पहिलं वजन भाजण्याआधी करायला विसरू नका.